हवासाला काय पाठवायचं?

बालआरोग्य : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोडच्या बाराजणी बचत गटातून शेंगा चटणी करतो. माझा मुलगा इथिओपियात हवासा गावी एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथली बारकी पोरं त्यानं फोनवर दाखवली. दंड माझ्या अंगठ्याएवढे. तेव्हापासून घास गोड लागत नाही. गटानं वर्षभरात 45 हजार रुपये बाजूला काढलेत. तिखट न घालता शेंगदाण्याच्या कुटाची पाकिटं करून पाठवावीत असं आमच्या मनात आहे. पाठवू का? का पैसेच द्यावेत, आणि द्यायचे तर कुणाला? पाठवलेलं पोरांच्या पोटात जाईल ना?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, हवासाचं नाव वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून तुमचं पत्र परत पहिल्यापासून वाचलं. 2009 ते 2011 अशी दोन वर्षं मी त्या गावात राहिले आहे. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बालरोग शिकवायला गेले होते. त्या काळात आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक इथिओपियात नोकरीला जात. त्यामुळे तुमच्या मुलानं दाखवलेले दंड मला फोनवर न बघताही दिसले.

आधी शेंगदाण्याचं सांगते, कारण तुमच्या मनात आलं ते फार बरोबर आलं. आपल्या अंगणवाडीत ज्याला सॅम बालक म्हणतात, त्या तीव्र कुपोषित मुलाला आज जगभर जे देतात ते शेंगदाण्याचंच असतं. शेंगदाण्याचा लोण्यासारखा मऊ कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि मोजून घातलेली जीवनसत्त्वं नि क्षार. 92 ग्रॅमचं पाकीट, 500 कॅलरी. त्यात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून उन्हाळ्यातही जंतू वाढत नाहीत, आणि आई घरच्या घरी पाकीट फोडून भरवू शकते. 1990 च्या दशकात फ्रान्समध्ये हे तयार झालं. त्याआधी असं मूल कित्येक आठवडे दवाखान्यात ठेवावं लागे. आई वॉर्डात, घरची दोन पोरं शेजारणीकडे, शेत तसंच पडलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आया मूल उचलून निघून जात. त्यांना बोल लावायला माझी जीभ कधी रेटली नाही.

तरीही तुमची पाकिटं पाठवू नका. नुसत्या कुटानं असं मूल बरं होत नाही. त्याला दूध आणि क्षार ठरलेल्या मापात लागतात, माप चुकलं तर ते बाधतं. दुसरं, ओल लागलेल्या शेंगेवर बुरशी धरते. तिचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजूनही पूर्ण जात नाही. तुम्ही शेंगा निवडून घेता, मला ठाऊक आहे. पण आजारी मुलासाठी ते प्रयोगशाळेत तपासूनच घ्यावं लागतं. आणि मुख्य गोष्ट अशी की हीच पाकिटं इथिओपियात अदिस अबाबाकडे तयार होतात, मलावीत ब्लँटायरला होतात. तिथला कारखाना शेंगा घेतो तेव्हा चार घरांना काम मिळतं आणि माल कमी पडला तर जाब विचारायला माणूस गावात असतो. तीव्र कुपोषित मुलाला दिवसाला दोन-तीन पाकिटं लागतात. सोलापूरचा खोका कितीही मोठा असला तरी तो कधीतरी रिकामा होतो. त्यानंतर त्या आईनं कुणाच्या दारात जायचं?

त्या दाराबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

हवासाहून तासाभराच्या वाटेवर एक केबेले होतं. केबेले म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीएवढा भाग, साधारण 5 हजार वस्तीचा. मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. शेताच्या कडेला पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची आरोग्य चौकी. आत एकवीस-बावीस वर्षांची मुलगी बसलेली. दहावी झालेली, वर्षभराचं प्रशिक्षण घेतलेली, त्याच भागात वाढलेली. एक बाई चौदा महिन्यांचा मुलगा घेऊन आली. पोर किरकिरत होतं. मी सवयीनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढला. त्या मुलीनं हातानंच मला थांबा म्हटलं. आईला म्हणाली, आधी अंगावर घे. पोर प्यायला लागलं, शांत झालं. मग तिनं त्याचा सदरा छातीपर्यंत वर केला, टायमर चालू केला आणि एक मिनिटभर त्याच्या पोटावरची नजर हलवली नाही. 54. चाळीस किंवा त्याहून जास्त भरलं की या वयात तो जलद श्वास. तिनं परत मोजलं, 52. छाती आत ओढली जात नाही हे पाहिलं. दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. पट्टी पिवळ्यावर थांबली, लाल नाही. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, तीव्र कुपोषण. मग अँटिबायोटिकची गोळी चमच्यात चुरली, आईच्याच दुधात कालवली आणि पहिला डोस तिथेच आईच्या हातून पाजून घेतला. आईकडून एकदा वदवूनही घेतलं, रोज किती, किती दिवस.

न्यूमोनियाचं औषध या मुलींच्या हाती द्यायचा निर्णय सरकारनं नुकताच, 2010 च्या सुमारास घेतला होता. आम्हा डॉक्टर मंडळींना तो पटला नव्हता. मलाही नाही. त्या दिवशी मात्र मी पाहिलं की स्टेथोस्कोपशिवाय तिनं जे केलं त्यात चूक काढायला जागा नव्हती. परत निघताना मी तिला विचारलं, तिसऱ्या दिवशी ती आई आलीच नाही तर? तिनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. केबेलेतली सगळी घरं त्यावर काढलेली होती. म्हणाली, घर तिथे आहे, मी जाईन.

ताई, मी संस्था म्हणते ती ही. तिला पाटी लागत नाही, उद्घाटन लागत नाही. इथिओपियानं 2003 साली हे काम सुरू केलं. प्रत्येक केबेलेत एक चौकी, चौकीत दोन मुली, सरकारी पगारावर. पाच चौक्यांच्या वर एक आरोग्य केंद्र, त्यांना माल पुरवणारं आणि त्यांची चूक सुधारणारं. अशा तीस हजारांहून जास्त मुली देशानं तयार केल्या. आज जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख असलेले तेद्रोस अधानोम त्यातली बरीच वर्षं आरोग्यमंत्री होते. 1990 मध्ये त्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेच्या वर पाचवा वाढदिवस बघत नव्हती. 2012 पर्यंत हा आकडा दोन-तृतीयांशानं खाली आला. पैसा पुष्कळसा बाहेरचाच होता, हे खरं. कधी गोळ्या संपायच्या, पट्ट्या संपायच्या, हेही मी पाहिलंय. पण मुली तिथल्या होत्या, मस्टर तिथलं होतं, आणि पुढच्या वर्षी काय करायचं हे ठरवणारे तिथले होते.

पगारावर माझा एवढा भर का, त्याचंही कारण आहे. घानाच्या उत्तरेला नवरोंगो नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रानं 1990 च्या दशकात गावं वाटून घेऊन करून पाहिलं. काही गावांत प्रशिक्षित नर्स राहायला पाठवली, काही गावांत नुसते गावचे स्वयंसेवक नेमले. नर्सच्या राहण्याची जागा गावकऱ्यांनी अंगमेहनतीनं उभी केली. जिथे नर्स राहायला आली तिथे तीन वर्षांत बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. नुसते स्वयंसेवक होते तिथे बालमृत्यूंत फरक पडला नाही. सेवाभावाला मी कमी लेखत नाही. पण बाळाच्या न्यूमोनियाला रात्री दोन वाजता दार उघडणारं, शिकलेलं आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारं माणूस लागतं. 1999 मध्ये घाना सरकारनं तीच पद्धत देशभरासाठी स्वीकारली. प्रयोग त्यांच्याच लोकांनी त्यांच्याच गावांत केला होता, त्यामुळे निकाल मंत्रालयाला परका वाटला नाही.

आता तुमच्या 45 हजारांकडे येते. यंत्र घेऊन देऊ नका. एका रुग्णालयात मी हवेतून ऑक्सिजन तयार करणारं यंत्र पाहिलं होतं, देणगीत आलेलं. वर भरतकाम केलेलं पांढरं फडकं टाकून कोपऱ्यात ठेवलेलं. वीज वरखाली झाली, आतला एक भाग जळला. तो भाग त्या देशात मिळत नव्हता, आणि दुरुस्ती शिकलेलं माणूस रुग्णालयात नव्हतं. शेजारच्या खाटेवर मूल धापा टाकत होतं. ते मूल गेलं. ते फडकं मी अजून विसरलेली नाही. तुम्हाला हे मी समजावून सांगायची गरज नाही, तुम्ही मागाच्या गावच्या आहात. माग दुरुस्त करणारा जॉबर नसेल तर नवाकोरा यंत्रमागसुद्धा भंगार, हे सोलापुरात शेंबड्या पोराला कळतं.

तुमचा मुलगा मेंटेनन्सला आहे, म्हणजे तुमच्याकडे पैशांपेक्षा मोठं काहीतरी आहे. त्याला सुटीच्या दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवा. यंत्रं दुरुस्त करणारा कुणी तरुण तिथे नेमलेला आहे का, हे विचारायला सांगा. असेल तर त्याला काय काय लागतं याची यादी त्याच्याच हातची घ्या. फिल्टर, फ्यूज, व्होल्टेज स्टॅबिलायझर, हत्यारांची पेटी, असंच काहीतरी निघेल. ते रुग्णालयाच्या नावावर, पावतीसह, स्टॉक रजिस्टरला चढवून द्या. मुलानं महिन्यातून दोन रविवार त्या तरुणाबरोबर घालवले तर सोन्याहून पिवळं. शिकवणारा म्हणून नाही, जोडीदार म्हणून. तसा कुणी नेमलेलाच नसेल, तर केबेलेच्या चौकीला ज्या केंद्रातून माल येतो तिथे विचारा, यंदा तुमच्या आराखड्यात काय अडलंय? ते सांगतील ते द्या. आपल्याला गोड वाटेल ते देऊ नका.

एक व्यवहाराचं. बचत गटाच्या खात्यातून परदेशात पैसे धाडणं सरळ नसतं, नियम आड येतात. आधी बँकेत विचारा. मुलगा तिथे तिथल्या पैशात खर्च करेल आणि गट इथे त्याच्या घरी रक्कम देईल, असं परस्पर काही करू नका, तेही नियमात बसत नाही. त्याला स्वतःच्या पगारातून द्यायचं असेल तर त्याला कुणाची आडकाठी नाही. मग गटाचे पैसे आपल्या पूर्व भागातल्या एखाद्या अंगणवाडीच्या वजनकाट्याला लावा. तिथेही आधी ताईंना विचारूनच.

प्रश्न : तुमच्या मागच्या एका उत्तरात आफ्रिकेतल्या मुलांचा उल्लेख होता. मी निवृत्त शिक्षक आहे. विडी कामगारांच्या वस्तीत तीस वर्षं शिकवलं. आपल्याच जिल्ह्यात रक्त कमी असलेली, वजन न भरणारी मुलं असताना आफ्रिकेची काळजी कशाला, असं स्पष्ट विचारतो. राग नसावा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : गुरुजी, राग कसला? मी त्याच वस्तीतल्या आयांची मुलं तपासते. आईच्या मांडीवर तंबाखूचं सूप आणि सुपाशेजारी बाळ झोपलेलं, हे आपण दोघांनीही पाहिलंय.

पण माझ्या वॉर्डातली एक गोष्ट सांगते. तापानं फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की आम्ही झपाट्यानं सलाईन सोडायचो. पुस्तकात तसंच होतं. ते पुस्तक अतिदक्षता विभाग असलेल्या श्रीमंत देशांतल्या अनुभवावर लिहिलेलं. केनियात किलिफीला 1989 पासून एक संशोधन केंद्र आहे. तिथल्या डॉक्टर कॅथरिन मेटलँड आणि युगांडा, केनिया, टांझानियातल्या सहा रुग्णालयांच्या लोकांनी विचारलं, आमच्या मुलांना हे खरंच लागू पडतं का? तीन हजारांहून जास्त मुलांवर त्यांनी ते तपासलं. जुलाबानं कोरडी पडलेली मुलं त्यात नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण जुलाबात पाणी-मीठ भरून काढणं हाच उपाय आहे. 2011 साली निकाल आला. झपाट्यानं सलाईन दिलेल्या मुलांत 48 तासांत शंभरातली दहाहून जास्त दगावली, न दिलेल्यांत सुमारे सात. अभ्यास मध्येच थांबवावा लागला.

तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातून गेलेली मुलं डोळ्यांसमोर येत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी हात आवरायला शिकले. म्हणजे किलिफीच्या केंद्राचा उपयोग सोलापूरच्या मुलाला झाला, तोही कुणी पाठवलेला खोका न घेता. तिथे प्रश्न विचारणारी, मोजणारी, रक्त तपासणारी माणसं कायमची होती म्हणून हे झालं. पाहुण्या पथकाच्या हातून झालं नसतं.

आणि आपल्याकडून तिकडे गेलेलंही थोडं नाही. बार्शीच्या पलीकडे जामखेडला 1970 पासून आरोळे दांपत्यानं निरक्षर बायकांना गावच्या आरोग्याचं काम शिकवलं. ते शिकायला पुढे आफ्रिकेतूनही लोक येत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बाईकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निकालात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी होते. दहा वर्षांनी, 2009 मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळाकडे घरी जाऊन भेटी द्या असं सगळ्या देशांना सांगितलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं मेंदूज्वराची एक लस खास आफ्रिकेसाठी केली, डोस अर्ध्या डॉलरच्या आत. 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोत ती सुरू झाली आणि त्या जातीचा मेंदूज्वर तिथून जवळपास हटला. ऑक्सफर्ड विद्यापीठानं शोधलेली आणि पुण्याच्या सीरममध्येच तयार होणारी हिवतापाची लस त्याच देशात नानोरो गावच्या केंद्रात तपासली गेली. लस पुण्यात तयार झाली, पण ती मुलांना खरोखर वाचवते का हे नानोरोच्या लोकांनी दाखवलं. 2023 मध्ये तिला जागतिक मान्यता मिळाली.

गुरुजी, तुमच्या शाळेत मुलाचं वजन भरत नव्हतं तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात? अंगणवाडीच्या ताईकडे, आशा ताईकडे. त्यांचं मानधन वेळेवर मिळावं म्हणून तुमच्यासारख्यांनी आवाज उठवला, तर ते सोलापूरचंही काम आहे आणि हवासाचंही. दोन्हीकडे दुखणं एकच आहे, काम करणाऱ्याच्या पैशाचा भरवसा नाही. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली, तेव्हा आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी औषधं अडली, कामावरची माणसं घरी बसली. 2001 साली नायजेरियात अबुजाला जमून आफ्रिकेच्या सरकारांनी ठरवलं होतं की खर्चाच्या शंभरातले पंधरा आरोग्यावर घालू. बहुतेकांनी घातले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्याची किंमत दंड बारीक असलेली पोरं मोजतात.

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉ. कोटणीसांच्या गावचा आहे याचा अभिमान वाटतो. इंटर्नशिपनंतर दोन महिने आफ्रिकेत मुलांची सेवा करावी म्हणतो. एक एजन्सी फी घेऊन पाठवते. जाऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर : त्या एजन्सीला फी देऊ नकोस. दोन महिन्यांत तुला भाषा येणार नाही, आणि तुला सांभाळण्यात तिथल्या नर्सचा वेळ जाईल.

भैया चौकातलं कोटणीसांचं स्मारक तू पाहिलंच असशील. 1938 साली ते पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. नंतर तिथेच राहिले, चिनी भाषा शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्या तरुणांना शस्त्रक्रिया शिकवली. 1942 च्या डिसेंबरात गेले तेव्हा वय अवघं 32. मला त्यांच्या कामातला शिकवण्याचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. त्यांचे विद्यार्थी त्यांच्यामागे काम करत राहिले.

आफ्रिकेत आज शिकवणाऱ्याचीच जागा आहे, पण ती मिळवावी लागते. मलावीला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय 1991 साली, ब्लँटायरला मिळालं. तोवर तिथल्या मुलांना डॉक्टर व्हायला देश सोडावा लागे, आणि गेलेली सगळी परतत नसत. रवांडात 2015 साली सार्वजनिक आरोग्याचं विद्यापीठ सुरू झालं, 2019 पासून ते बुतारोच्या डोंगरात आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या विद्यापीठात इतर आफ्रिकी देशांतले बालरोगतज्ज्ञ शिकायला येतात. त्यांना त्यांचं स्वतःचं रुग्णालय निवडून पाठवतं आणि जवळजवळ सगळे तिथेच परत जातात. परतीची वाट आधी ठरवून मगच शिकायला पाठवायचं, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

म्हणून तू आधी बालरोगात एमडी कर. मग तिथल्या एखाद्या महाविद्यालयाला पत्र लिही, तुम्हाला कोणता विषय शिकवायला माणूस कमी आहे? किमान दोन वर्षांची तयारी ठेव. जाण्याआधी भाषेचे चार महिने काढ. मी इथिओपियातली अम्हारिक भाषा मोडकीतोडकी बोलायचे, तरी तेवढ्यावर आया मोकळ्या होत.

आणि आत्ता काही करायचंच असेल तर येत्या शनिवारी सकाळी दहाला माझ्या दवाखान्यामागच्या अंगणवाडीत ये. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आण, स्टेथोस्कोप घरी ठेव. तिथल्या ताई तुला बाळाचे श्वास मोजायला शिकवतील. पहिल्या दिवशी तुझा आकडा चुकेल, माझाही चुकला होता. बाळ रडत असेल तर आधी आईला पाजू दे.